खुंटीवर राहू दे तुझा कोट

माणूस मृत्यूला एकदाच सामोरा जातो. हे अर्थात अविवाहित माणसाबद्दल झालं. लग्न झालेल्याला जोडीदाराच्या मृत्यूची तालीमही करावी लागते, आणि ती बहुधा रविवारी दुपारी, ओव्हनमध्ये मांस भाजत असताना, हात ओले असताना करावी लागते. माझी तशीच झाली. वेंडी गाजरं सोलत होती, मी बटाटे धुवत होतो, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती आणि रेडिओवर ते गाणं लागलं. जूड अकेरी नावाचा लंडनकडचा कुणी पोरगा आहे, पंचविशीतला. स्वतःच लिहितो, स्वतःच गातो, आणि घशात लोकर अडकल्यासारखा खालच्या पट्टीत आर्जवं करतो. त्या वर्षी ते गाणं सगळीकडे होतं. पेट्रोल पंपावर, दातांच्या डॉक्टरकडे, फोनवर ताटकळत ठेवतात तेव्हा. वेंडीने सुरी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले, रेडिओचा आवाज वाढवला, आणखी वाढवला, आणि गाजरांकडेच बघत म्हणाली, "हे. माझ्या वेळी पडदा सरकताना हे लाव. विसरू नकोस."

आमच्या यॉर्कशायरमध्ये स्मशानगृहात शवपेटीपुढे शेवटी पडदा सरकतो, त्या वेळी एक गाणं लावतात, आणि ते जिवंतपणीच ठरवून ठेवण्याची हौस सगळ्यांना असते. पबमध्ये तिसऱ्या ग्लासाला प्रत्येक जण आपापलं गाणं जाहीर करतो, बाकीचे हसतात, आणि नंतर खरोखर ती वेळ येते तेव्हा कुणालाच ते आठवत नाही. पण वेंडी हा खेळ कधी खेळली नव्हती. तिला तो पोरकट वाटायचा. "मी मेल्यावर काय वाजतंय ते ऐकायला मी थोडीच असणार," म्हणायची. त्यामुळे बटाटा माझ्या हातात राहिला. आणि मग आठवलं, गुरुवारी ती डॉक्टरकडे जाऊन आली होती. मी विचारलं होतं, "काय म्हणाला?" ती म्हणाली होती, "काही नाही." दोन वेगवेगळ्या दिवसांच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी. त्या माझ्या डोक्यात चालत चालत एकमेकींजवळ आल्या आणि शेजारी बसल्या. मग उठेनात.

विचारता आलं असतं. जगाच्या पाठीवर असे लोक आहेत, मी टीव्हीवर पाहिले आहेत, जे बायकोचे खांदे धरून विचारतात. पण आमच्या लग्नाचा पायाच न विचारण्यावर आहे, आणि तो पाया भक्कम आहे. तीस वर्षं त्याला एकही तडा नाही. शिवाय माझा धंदा. कॉल्डरशॉच्या नगरपालिकेत मी धोक्याच्या पाट्या लिहितो. ‘पाणी खोल आहे.’ ‘बर्फ पातळ आहे.’ ‘या भिंतीवर चढू नये.’ विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलो आणि त्याचा मला एवढाच उपयोग झाला की धोक्याचं वाक्य जितकं लहान तितकं माणूस जास्त घाबरतो, हे माझ्या लौकर लक्षात आलं. ‘काही नाही’ हे दोन शब्दांचं वाक्य आहे. याहून लहान पाटी मला आजवर लिहिता आलेली नाही. माझी आईसुद्धा हेच वाक्य वापरायची. मी एकोणीस वर्षांचा होतो, सुट्टीला घरी आलो होतो, ती बागेतल्या दोरीवर चादरी वाळत घालताना मधेच थांबली आणि काखेखाली हात धरून उभी राहिली. मी म्हटलं, "आई, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." ते ‘काही नाही’ वर्षभर तिच्या छातीत वाढत होतं, आणि मला ते कळलं शेजारच्या बाईंकडून, कुंपणावरून, त्यांच्या मांजरासंबंधी बोलणं चालू असताना. त्या शेवटच्या महिन्यात आईने एक विचित्र गोष्ट केली होती. बाबांना कपडे धुण्याच्या यंत्रापुढे उभं केलं आणि कुठलं बटण कशाचं ते शिकवलं. बाबा खाणीतल्या यंत्रांचे फोरमन. त्यांना राग आला होता. "मला काय यंत्रं शिकवतेस?" आई म्हणाली होती, "लोकरीचे कपडे वेगळे. एवढं ध्यानात ठेवा." अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी लोकरीचे कपडे वेगळे धुतले.

आणि मंगळवारी संध्याकाळी वेंडीने मला जिन्याखालच्या कपाटापाशी, घर तापवणारा बॉयलर असतो तिथे, बोलावलं. "ये जरा इकडे. बॉयलरचा दाब कमी झाला की काय करायचं ते बघून ठेव." मी म्हटलं, "ते तू करतेस ना?" ती काही बोलली नाही. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "हा काळा नळ. अर्धा फिरवायचा. काटा हिरव्यावर आला की बंद. आता इथून पुढे तू करत जा." कपाटात कोटांचा वास होता, जुन्या रबरी बुटांचा वास होता, आणि विजेरीच्या उजेडात वेंडीचा हात त्या नळावर होता, अंगठीखालची कातडी जराशी सैल. मी काळा नळ अर्धा फिरवला. काटा हिरव्यावर आला. "सोपं आहे," मी म्हटलं. "सोपंच आहे," वेंडी म्हणाली, "पण करायला माणूस पाहिजे ना."

माणूस पाहिजे. मी हे वाक्य बरोबर घेऊन कामावर गेलो, ते टेबलावर ठेवून त्याच्या शेजारी बसून कालव्याच्या काठासाठी पाटी लिहिली. माझ्या समोर बसणारी प्रिसिला म्हणाली, "डंकन, ‘काठ निसरडा आहे, आणि आपल्याला ते ठाऊक नसतं’ ही पाटी आहे की कविता?" मी दुसरा भाग खोडला. दुपारी दुकानात गेलो तर तिथेही तो पोरगा हजर. सूपच्या डब्यांच्या रांगेत, छतातल्या कुठल्यातरी भोकातून तो म्हणत होता की बाहेर गारठा आहे, शेवटची बस गेली, तुला जायचंच असेल तर जा, पण कोट माझ्या खुंटीवर राहू दे, म्हणजे तुला परत यावं लागेल. मागे ऑर्गन, टाळ्या, देवळातल्यासारखा बायकांचा कोरस. एरवी मी म्हटलं असतं की थंडीत बिनकोटाची बाई घराबाहेर काढणारा हा प्रियकर फारसा विचारी दिसत नाही. पण त्या दिवशी मला फक्त खुंटी दिसली. आमच्या दारामागची, वेंडीच्या निळ्या कोटाची. वेंडी नसेल आणि कोट असेल. तो कोट मी काढेन का? कधी काढेन? किती दिवसांनी काढला म्हणजे लोक मला निष्ठुर म्हणणार नाहीत? माझ्या हातातला सूपचा डबा एकट्या माणसापुरता होता. मी तो कधी उचलला, मला माहीत नाही. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काय रे राजा, बरं वाटत नाही का? पांढराफटक पडलायस." मी म्हटलं, "काही नाही." ऐकलं मी ते. माझ्याच तोंडून.

मग मी दुसरा मार्ग शोधला. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाने एका निष्कर्षावर उडी मारू नये. वय छप्पन्न, कधी गाण्याच्या नादी न लागलेली बाई, आणि अचानक एका प्रेमगीतावर जीव. याला सरळ, निरोगी, सगळ्या जगात मान्य असलेलं एक कारण आहे. प्रियकर. मला एकदम हलकं वाटलं. मी त्याला चेहरा द्यायला बसलो. औषधाच्या दुकानातला मिस्टर ओग्डेन? तो हात फार वेळ धुतो. पोहण्याच्या तलावावरचा तो शिट्टीवाला? तो आमच्या मुलाहून लहान, पण मी उदार व्हायला तयार होतो. वेंडी बुधवारी उशिरा आली तेव्हा माझ्या छातीत आशा धडधडायला लागली. "कुठे होतीस?" मी, न विचारणारा मी, विचारून बसलो. ती कोट काढत होती, पाठमोरी, उत्तर दिलं नाही. मुद्दाम नाही दिलं, असं मी स्वतःला पटवलं. गुन्हेगार बायका उत्तर देत नाहीत. बायकोने आपल्याला फसवलं असू दे म्हणून इतक्या मनापासून कुणा नवऱ्याने देवाची प्रार्थना केली नसेल, आणि तीही देव न मानणाऱ्याने. मी तिच्या कोटाचा वास घेतला. ओल्या लोकरीचा वास होता, आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा. दुसऱ्या पुरुषाचा मागमूस नव्हता. मी खुंटीपाशी उभा राहिलो आणि भीती परत आली, आपली नेहमीची जागा शोधून बसली.

त्या भीतीबद्दल एक सांगायला हवं. भीती सतत भीतीसारखी नसते. अधूनमधून ती कंटाळ्यासारखी असते, अधूनमधून, हे लिहायला अवघड आहे, पण एखाद्या बेतासारखी असते. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की मी पाहायचो: काळा सूट, शेजारच्या बायका झाकलेली भांडी घेऊन दारात, "डंकन, बाळा, चार घास खाऊन घे." मी त्या चित्रात बराच चांगला दिसत असे. शांत, थोडा बारीक. पलंगाची कुठली बाजू घ्यायची तेही मी ठरवून टाकलं होतं, खिडकीकडची, तिची. आणि मग घरी यावं तर ती स्वयंपाकघरात जिवंत, पाठमोरी, कांदा चिरत असायची, आणि मी दारात उभा राहून म्हणायचो, "आलो," आणि ती वळायची नाही. जणू मी तिला पुरून आलो हे तिला कळलं आहे.

तेवढ्यात सिरिल मामा गेले. वेंडीचे मामा, वय चौऱ्याऐंशी, जन्मभर गिरणीच्या बँडमध्ये भलं मोठं पितळी वाद्य फुंकत आलेले. गाडी, बायको आणि वाद्य यांपैकी वाद्य रोज पुसायचे असं डोरीन मामीच सांगत. अंत्यविधी टेकडीवरच्या स्मशानगृहात. तिथे एकामागोमाग एक लावलेले असतात. आम्ही पुढच्या दाराने आत शिरत होतो तेव्हा आधीचे लोक बाजूच्या दाराने फुलं बघायला निघाले होते, आणि आमच्या मागे बाहेर मोटरसायकलींचा घोळका उभा होता, कातडी जाकिटातले दाढीवाले, त्यांच्या कुणा तरुण मित्रासाठी. आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो. वेंडी माझ्या उजव्या हाताला. पाद्रीने मामांचं नाव बरोबर घेतलं, गिरणीचं चुकीचं घेतलं, कुणी काही म्हणालं नाही. मग सगळे उठलो. पडदा सरकायची वेळ झाली. आता गिरणीच्या बँडने ध्वनिमुद्रित केलेलं ते प्रसिद्ध स्तोत्र वाजणार, मामा स्वतः त्यात वाजवत होते, सगळ्यांना ठाऊक होतं. पडदा थरथरला, सरकायला लागला, आणि छतातून टाळ्या आल्या. मग ऑर्गन. मग घशात लोकर अडकलेला तो आवाज: बाहेर गारठा आहे.

मोटरसायकलवाल्यांचं गाणं होतं ते. यंत्रावर बसलेल्या माणसाने एक घर पुढचं बटण दाबलं, एवढंच. दुसऱ्या कुठल्या देशात कुणीतरी ओरडलं असतं, कुणीतरी धावत गेलं असतं. आमच्यात पन्नास माणसं माना खाली घालून उभी राहिली. पाद्रीने डोळे मिटले. मामांच्या बँडमधले म्हातारे, कोटावर बिल्ले लावलेले, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता शेवटची बस चुकलेल्या मुलीची गोष्ट ऐकत राहिले. डोरीन मामी ताठ उभ्या. आणि हीच ती वेळ होती. मी जिची तालीम केली ती. गाणं तेच, पडदा तोच, तोच व्हार्निशचा आणि लिलींचा वास. माझ्या डोळ्यांनी मला सरळ सांगितलं की पेटीत मामा नाहीत. मी उजवीकडे बघायला घाबरलो. तिथे रिकामी जागा असेल तर? मी बघितलं. वेंडी होती. डोळे मिटलेले, मान छताकडे तिरकी केलेली, ओठ किंचित उघडे, आणि तिच्या चेहऱ्यावर एक असं सुख, जे मी कधी, आमच्या कुठल्याच खोलीत, पाहिलं नव्हतं. निरोप घेऊन मोकळ्या झालेल्या माणसाचं. मी पुटपुटलो, "वेंडी." ती हलली नाही. "वेंडी, डॉक्टर काय म्हणाला?" नाही. पडदा निम्म्यावर आला होता. मला वाटलं तो बंद व्हायच्या आत विचारलं नाही तर मग कधीच नाही. आता त्या गाण्यात, शेवटच्या कोरसच्या आधी, एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, टाळ्या थांबतात, गाणारा श्वास घेतो, आणि काही क्षण नुसती शांतता असते. ते गाणं मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या शांततेची मला पूर्ण कल्पना असायला हवी होती.

"वेंडी, तू मरणार आहेस का?"

छत उंच होतं. माझा आवाज वर गेला, घुमला, आणि सगळ्यांच्या डोक्यांवर सावकाश उतरला. पन्नास माणसांनी तो ऐकला नाही. एका बँडवाल्याचं बिल्ल्यावरचं बोट किंचित घसरलं, एवढंच. वेंडीने डोळे उघडले. "काय?" ती म्हणाली, आणि कोरस कोसळला.

गाडीपाशी उभे होतो. वारा होता, तिचे केस तोंडावर येत होते. ती म्हणाली, "पुन्हा सांग. या बाजूला ये आणि सांग." मी उजव्या बाजूला गेलो आणि सांगितलं, दुसऱ्यांदा ते फारच मूर्खपणाचं वाटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मला ऐकू येत नाहीये रे," ती म्हणाली. "डावा कान गेलाय. उजवाही अर्धा. उन्हाळ्यापासून. सगळे पाण्याखालून बोलतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तू पाटी लावली असतीस दारावर." पण ती हसली नाही. "डंकन, मला वाटलं तू बोलायचं बंद केलंयस. तू आत येतोस, ओठ हलवतोस, निघून जातोस. मला वाटलं हा मनातून गेलाच. आता एक दिवस बॅगही भरेल. मी रोज बघत होते, तुझी बॅग माळ्यावर आहे ना."

"आणि ते गाणं?"

"त्या पोराचं मला सगळं समजतं. जाड आवाज आहे, सावकाश बोलतो. घरात तेवढा एकच माणूस मला ऐकू येतो." तिने नाक पुसलं. "बरं वाटायचं."

मला तिथे, त्या डांबरावर, इतकं हलकं वाटायला हवं होतं की मी उडालो असतो. पण तिचं संपलं नव्हतं. "डॉक्टर म्हणाला, एकाच बाजूचं जास्त गेलंय. आधी साधं काही असेल ते बघू. नाहीतर डोक्याचा फोटो काढावा लागेल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "डोक्याचा म्हणाला. कानाचा नाही. म्हणून तर तुला बॉयलर शिकवला." मोटरसायकलवाले आत जात होते. दार मिटण्याआधी आतून पितळी बँड ऐकू आला, अगदी गंभीर, भरदार, आणि त्यातला एकही दाढीवाला मागे वळून बघत नव्हता.

क्लबात नंतर चहा आणि हॅमची सँडविचेस. माझ्याजवळ येऊन कुणी काही बोललं नाही. तीन माणसांनी मला केक आणून दिला. पाद्री डोरीन मामींना म्हणाला, "फार हृद्य निवड होती हं. आधुनिक." मामी म्हणाल्या, "मला वाटलं तुमचीच निवड." "छे छे, मला वाटलं सिरिलची." मामींनी कपात साखर ढवळली. "सिरिलला? अहो, त्याने रेडिओ फेकला असता. पण मी म्हटलं, पाद्रीबाबांना आवडलंय तर कशाला उगाच." मग माझ्या दंडावर हात ठेवून, दुसरीकडे बघत, हळूच म्हणाल्या, "तू निदान विचारलंस तरी रे बाबा. मी पंचावन्न वर्षांत एकदा नाही विचारलं. काय काय वाजलं घरात." मी म्हटलं, "मामी, अजून सँडविच आणू?" त्या म्हणाल्या, "आण."

त्यानंतरचे दिवस मी तिच्या उजव्या बाजूने चाललो. बोलायचं तर समोर जाऊन, तोंड नीट उघडून बोलायचो, आणि लक्षात आलं की समोर जाऊन तोंड नीट उघडून बोलण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे. "चहा?" "पाऊस थांबला." "डोकं दुखतंय का?" हा तिसरा प्रश्न मी इतक्यांदा विचारला की शेवटी ती म्हणाली, "दुखायला लागेल आता." विचारायची वाट मोकळी झाली होती, आणि त्या वाटेने भीती पूर्वीपेक्षा मोठ्या पावलांनी ये-जा करत होती. पूर्वी ती निदान माझी एकट्याची होती. आता आम्ही दोघं जेवायला बसलो की ती तिसऱ्या खुर्चीवर असायची, आणि दोघांनाही दिसायची, आणि आम्ही मीठ तिच्या पलीकडून घ्यायचो. वेंडी एकदा म्हणाली, "फोटोत काही निघालं तर मला आधी सांगायचं. आधी डॉक्टरने तुला बाजूला घेतलं तर मी दोघांना सोडणार नाही." मी मान हलवली. ती म्हणाली, "मान नको हलवूस. बोल." मी बोललो. माझा आवाज मलाच पाण्याखालून आल्यासारखा वाटला.

कानाच्या तपासणीच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर नगरपालिकेची पाटी होती, ‘फरशी ओली असू शकते’. असू शकते. लिहिताना मला तो शब्दप्रयोग सौम्य वाटला होता. त्यात किती क्रौर्य आहे ते त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग नळ वाहिल्यासारखा आवाज आला, मग नर्सचं बोलणं, मग पुन्हा काही नाही. मी फरशीकडे बघत होतो. ती कोरडी होती. मी मनात बोलून बघत होतो, डॉक्टर बाहेर येतो, ‘मिस्टर हेवर्थ, जरा आत येता का’ म्हणतो. तेवढ्यात दार उघडलं, आणि दारात वेंडी होती, एका हातात कापसाचा बोळा, आणि चेहरा असा की त्यावरून मला काहीही वाचता येईना. मी उठलो. उजव्या बाजूला गेलो. "काय म्हणाली नर्स?" मी तोंड नीट उघडून, मोठ्याने विचारलं.

"ओरडू नकोस," वेंडी म्हणाली. "मळ होता."